सुतकातलं गाणं

ही गोष्ट खरी आहे. कुणी खोटी ठरवली असती, तर मलाच बरं वाटलं असतं.

गेल्या ऑगस्टमधली. इटलीच्या दक्षिण टोकाला, लेच्चेजवळचं आमचं गाव, रणरणती दुपार.

नुन्त्सियामावशीला जाऊन दोन महिने झाले होते. ओरोंझोकाका एकटे पडले, जेवेनात, म्हणून मी उत्तरेतल्या तुरिनहून त्यांच्याकडे राहायला आले. माझ्या हातच्या चण्यांच्या पास्त्याला नावं ठेवत का होईना, ते दोन घास खायला लागले. संध्याकाळी चौकात पत्ते खेळायलाही जायचे.

आमच्याकडे सुतकाच्या घरात वर्षभर गाणं वाजत नाही. त्यातून दुपारी, जेवून खिडक्या लावून गाव निजतं, तेव्हा तर आवाजच करायचा नाही. ती वेळ जिवंत माणसांची नसते, असं म्हातारी माणसं सांगतात. मी हसायचे. शहरात राहून शिंगं फुटली होती मला.

त्या दुपारी चादर शोधताना कपाटात एक तबकडी सापडली. गायक रेन्झो माल्वासी. मावशीच्या तरुणपणी पोरी त्याच्यावर जीव टाकायच्या म्हणे. मी नावही ऐकलं नव्हतं. काका निजले होते. मावशीच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर, आवाज अगदी बारीक करून, मी ती लावली.

काय गळा होता त्याचा! पहिल्या कडव्यातच मी विरघळले.

दुसऱ्या कडव्याला...

स्वयंपाकघरातून कुणीतरी सोबत गुणगुणलं.

मी घाबरून सुई उचलली. गाणं थांबलं.

गुणगुणणं थांबलं नाही...

ओळ पुरी झाली, मगच घर शांत झालं. आत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

वळले, तर दारात काका. डोळे भरलेले.

"ती नेहमी अशीच अर्धी ओळ मागे पडायची," ते म्हणाले. "लाव गं पोरी, परत लाव."

लावायला नको होतं. मी लावलं.

मग रोज दुपारी तेच. पत्ते सुटले, जेवण सुटलं. दोन कप कॉफी मांडून काका स्वयंपाकघराकडे कान लावून बसायचे. दिवसेंदिवस वाळत चालले होते.

"गेलेल्या बाईला तू बोलावलंस," शेजारची इम्माकोलाता मला म्हणाली. "आता ती एकटी परत जायची नाही."

म्हणून निघताना ती तबकडी मी बॅगेत घातली. काकांच्या भल्यासाठी. त्यांना न सांगता.

तुरिनच्या माझ्या घरात रेकॉर्ड प्लेअरच नाही. तबकडी कपड्यांखाली पडून आहे.

तरी एका दुपारी, भांडी घासताना...

माझ्या पाठीमागे कुणीतरी गुणगुणलं.

तेवढ्यात फोन वाजला. काका होते. आवाज पार खोल गेलेला. तबकडीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"पोरी, ती आता इथे येत नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे आलीय का गं?"

मागचं गुणगुणणं थांबलं...

हो म्हणावं, तर ते तिच्या मागे जातील. नाही म्हणावं, तर ते खोटं; तिला मीच चोरून आणलंय.

"नाही, काका."

आता ते रोज दुपारी फोन करतात, रोज तेच विचारतात. मीही तेच उत्तर देते.

आणि माझ्या मागे ती गाणं थांबवून ऐकत असते...