चादरीचं दुसरं टोक

"अहो, वरून नका धरू! खालून धरा, खालून!"

आमची ओळख झाली ती अशी, माझ्या ओरडण्याने. लिफ्ट बंद, मी जिन्यात अडकलेली, हातात माझ्याहून रुंद चित्र... आणि कुणी भला माणूस मदतीला धावलेला. चेहरा फ्रेमच्या पलीकडे. मला दिसत होते ते फक्त दोन हात — स्वच्छ, नखं बारीक कापलेली.

"खालून धरलं. आता?" पलीकडून आवाज आला.

"आता एक हात बाजूला. आणि कॅनव्हासला बोट लागलं तर माझी नोकरी गेलीच समजा."

"श्वास घेतला तर चालेल ना?"

मला हसू फुटलं. वर पोचून फ्रेम भिंतीला टेकवली तेव्हा चेहरा दिसला. म्हणजे मास्कच्या वरचे डोळे तेवढे. दातांचे डॉक्टर. त्याच मजल्यावर दवाखाना. मी काय काम करते ते ऐकल्यावर म्हणाले, "माझ्या घराच्या भिंती अगदी कोऱ्या आहेत. पण मला चित्रांतलं ओ की ठो कळत नाही."

"कुठे दुखतंय एवढं सांगता आलं तरी पुरे. बाकी आम्ही बघतो," मी म्हणाले आणि कार्ड पुढे केलं. तेही उलटं. फ्रेमच्या वजनाने हात दमलेला, दुसरं काय!

माझी आत्या लोकांना चित्रांचे संग्रह उभे करून देते. ती चित्रं विकत नाही. कुठलं घ्यावं आणि कुठल्याच्या वाटेला जाऊ नये, ते सांगते. मी तिच्या हाताखाली काम करते. तिचे दोन नियम. पहिला, पक्कं करण्याआधी चित्र काही दिवस गिऱ्हाइकाच्या घरी राहायला पाठवायचं. रोज उठून समोर दिसलं की खरी आवड आणि उगाचची हौस वेगळी होते. दुसरा, काम चालू असेपर्यंत गिऱ्हाइकाकडे पाणी प्यायचं, चहा नाही.

"चहा घेतला की माणूस आपला वाटायला लागतो," ती म्हणते, "आणि मग 'तुमची निवड चुकली' म्हणायला जीभ रेटत नाही."

डॉक्टरांकडे मी किती पाणी प्यायले, विचारू नका! भिंत हळूहळू भरत गेली. त्यांच्या आईंना मी काकू म्हणायला लागले. उरली फक्त खिडकीशेजारची एक जागा, आणि तिथे घोडं अडलं. त्या जागेसाठी नेलेलं प्रत्येक चित्र परत यायला लागलं.

"हे माझ्याकडे रागाने बघतं हो."

"यातला समुद्र जेवताना फार आवाज करतो."

आणि एका झकास घोड्याबद्दल — "याच्या दातांवरून माझी नजरच हटत नाही. किडलेत ते."

मी हसायचे आणि चित्र गुंडाळून परत न्यायचे. शेवटी आत्या कडाडलीच. "तुझी नजर चुकतेय. आता आणखी एक परत आलं, तर त्यांचं काम मी बघणार. तू जायचं नाहीस."

माझा जीव टांगणीला लागला. चित्र परत आलं तर आत्या जाणार. चित्र ठेवलं तर संग्रह पूर्ण, फाइल बंद, मग मी तरी कशाला जाणार? दोन्हीकडून माझीच पंचाईत. चहाचा एक घोटही न घेता तो माणूस मला आपला वाटायला लागला होता... फार आपला.

आणि नेमकं तेव्हाच एका आर्ट गॅलरीत मला ते चित्र सापडलं. लहानसं. गच्चीवर एक बाई पाठमोरी उभी, चादरीची घडी घालतेय. चादरीचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय, पण त्या माणसाचे फक्त हात दिसतात. बाकी सगळा चादरीआड. बघताक्षणी कळलं, हे डॉक्टरांचंच. मन म्हणालं, दाखवू नकोस गं, दाखवलंस की संपलं. मी गॅलरीच्या दारापर्यंत गेलेही. पण त्यांच्याशी खोटं वागवेना. मागे फिरले.

चित्र त्यांच्याकडे राहायला गेलं. निकालाच्या दिवशी मी बेल वाजवली.

दार काकूंनी उघडलं. "ये गं. हा सकाळपासून तिसरा शर्ट बदलतोय. आणि एक सांगू? मागच्या चित्रांना तू येईपर्यंत 'वा, वा' चालायचं. तू आलीस की खोट काढायला सुरुवात! या वेळी मात्र तोंडातून शब्द नाही."

"आई, तुझं गॅसवर काहीतरी आहे ना?" आतून आवाज आला.

"काही नाहीये," काकू म्हणाल्या, आणि हसत स्वयंपाकघरात गेल्या.

डॉक्टर चित्रासमोर उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेवतोय."

"अरे वा..." मी भिंतीवरची चित्रं उगाच मोजली. "म्हणजे संग्रह पूर्ण झाला."

"हो."

मी सहीचे कागद काढायला बॅग उघडू लागले. मेली चेन अडकली. डोळ्यांत पाणी यायच्या आत ती उघडावी म्हणून मी ओढतच राहिले.

"तो घोडा मला फार आवडला होता," ते हळूच म्हणाले. "समुद्रही. पण ठेवले असते तर... तुम्ही यायच्या थांबला असतात."

माझं डोकंच फिरलं. "अहो, आत्या मला किती बोलली! अन्न गोड लागत नव्हतं मला. वाटलं, माझी नजरच गेली!"

त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. हा विचार मी केलाच नाही."

"मग हे का ठेवताय? माझी दया आली म्हणून?"

"नाही हो! काल पेशंट समोर आ वासून बसलेला, आणि मी या चादरीचा विचार करत उभा. हे परत पाठवणं मला जमलं नसतं." ते थांबले. "मग तुमच्या आत्यांना फोन केला. घोड्याचं खरं काय ते सांगून टाकलं. खूप ओरडल्या. नंतर विचारलं, काम संपल्यावर चहा चालतो का?"

"काय म्हणाली?" मी चेन ओढायची थांबले.

"म्हणाल्या, काम संपलं की माझा नियम संपला. पुढचं ती जाणे आणि तुम्ही."

त्यांनीच पुढे होऊन चेन सोडवली, कागद काढले, सही केली. पेन खाली ठेवलं.

"आता मी तुमचं गिऱ्हाईक नाही. म्हणून आता विचारतो... जिन्यात तुम्हाला आधी माझे हातच दिसले होते ना? मला तुमच्या चादरीचं दुसरं टोक धरायचंय. कायमचं. खालून धरेन, वरून नाही."

मी काही बोलणार, तोच आतून हाक आली, "साखर किती गं घालू?" म्हणजे काकूंनी सगळं ऐकलं होतं!

"तुम्हाला आवडेल तेवढी, आई," मी म्हणाले.

आई! कसं निघालं तोंडातून कोण जाणे. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले, आणि आतून डबा पडल्याचा आवाज आला.

चहा आला. माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी पुढे होऊन बशी धरली. खालून.