तारांवरचा हात

भुताच्या गोष्टी रात्रीच घडाव्यात, असा नियम कुणी केला माहीत नाही.

ही भर दुपारी घडली. रविवार होता. पंखा फिरत होता, खिडकीतलं ऊन फरशीवर पसरलं होतं आणि आतल्या खोलीत मावशी घोरत होती.

आणि ती खरी आहे. मी भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. आधी वायर तपासतो, मग घाबरतो. इथे वायर तपासून झालेली आहे.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. मी तिला ताई म्हणतो. चष्म्याच्या काचा कापून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. काच केसभर सरकली तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची तिला सवयच आहे. उगाच काहीबाही दिसणाऱ्या माणसांतली ती नाही.

तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन. लहानपणी तो रडायला लागला की अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून त्याचं नाव पडलं भोंग्या. मोठेपणी त्याने ते नाव सार्थ केलं. इलेक्ट्रिक गिटार घेतली.

नवशिक्यांसाठी एकाच खोक्यात सगळं मिळतं, तसला संच होता तो. गिटार, वायर, खांद्यावरचा पट्टा आणि बिस्किटांच्या डब्याएवढा अ‍ॅम्प. अ‍ॅम्प म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा स्पीकर. स्वस्तातला असल्यामुळे चालू केला की नुसता घरघरायचा.

"घरात एक फ्रिज आहे तेवढा बास झाला," मावशी म्हणाली होती. "हा दुसरा कशाला आणलास?"

"आई, फ्रिजवर सूर लागत नाहीत."

"तुझे ह्याच्यावर तरी कुठे लागतात!"

सुट्टी संपून जहाजावर परत जाताना भोंग्याने गिटार ताईच्या ताब्यात दिली. मी येईपर्यंत किमान दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, शिकून ठेव, असा दम दिला. आणि एक गंमत दाखवली.

"ताई, ही घरघर ऐकू येतेय ना? आता तारांवर हात ठेव."

तिने ठेवला. घरघर एकदम दबली.

"उचल."

उचलला. घरघर परत आली.

"बघ, अ‍ॅम्पला माणूस कळतो," भोंग्या म्हणाला.

यात जादू काही नाही. घरातल्या वायरिंगची घरघर गिटार पकडते आणि जवळचं माणसाचं शरीरही पकडतं. तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. तारांना हात लागला की शरीरही अर्थिंगला जोडलं जातं आणि आवाज दबतो. कुठल्याही गिटारवाल्याला विचारा.

एवढं लक्षात ठेवा. हात लागला की शांतता. हात सुटला की घरघर.

तर त्या रविवारी दुपारी ताई सराव करत होती. तारा रुतून बोटांची टोकं लाल झाली, तशी तिने गिटार स्टँडवर उभी केली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. अ‍ॅम्प चालूच होता. घरघर तिथपर्यंत ऐकू येत होती.

पेला तोंडाला लावला, आणि...

टक.

टक.

मग घरघर दबली.

वीज गेली असेल, असं तिला वाटलं. पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. फ्रिज चालू होता. मावशीचं घोरणंही चालू होतं.

ती खोलीच्या दारात आली. अ‍ॅम्पचा लाल दिवा जळत होता. गिटार स्टँडवर जशीच्या तशी. जवळपास कुणीही नव्हतं.

आणि अ‍ॅम्पमधून अजिबात आवाज येत नव्हता.

तिने एक पाऊल आत टाकलं... आणि घरघर परत सुरू झाली. जणू कुणीतरी अलगद हात उचलला.

वायर सैल झाली असेल, म्हणून तिने ती काढून पुन्हा घट्ट बसवली. अ‍ॅम्प बंद केला. मावशीला काही बोलली नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय?

संध्याकाळी कंपनीतून फोन आला.

भोंग्याच्या जहाजाशी संपर्क तुटला होता. समुद्र खवळलेला होता. शोध चालू आहे, धीर धरा, एवढंच सांगितलं. कधीपासून, असं ताईने विचारलं.

"आज दुपारपासून."

ताई फोन ठेवून थेट गिटारीच्या खोलीत गेली. कारण तिला आता त्या 'टक टक'ची ओळख पटली होती. वाजवून झालं की भोंग्या तारांवर दोनदा थाप मारायचा आणि मग पंजा टेकवून ठेवायचा. बैलाच्या पाठीवर थोपटावं तसा. "दमली बिचारी," म्हणायचा. त्यावरून मावशी त्याला चिडवायची.

दुसऱ्या दिवशी ताईने मला बोलावून घेतलं. मी वीज मोजायचा मीटर घेऊन गेलो. मावशी देवासमोर बसली होती, जागची हलत नव्हती. ताईने मला खोलीत नेलं, दार लोटलं आणि अ‍ॅम्प चालू केला.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली. "हे वायरिंग आहे की नाही?"

मी गिटारीचं मागचं झाकण उघडलं. अर्थिंगची तार जागेवर, सोल्डरचा डाग पक्का. वायर बदलली. दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलं. मीटर अ‍ॅम्पला जोडला. पंखा बंद केला, फ्रिजचीही पिन काढली. घरघर आपली चालूच. मी तारांना हात लावला, दबली. सोडला, आली. सगळं जिथल्या तिथे होतं.

"ताई, काही दोष नाही गं. तुला भास..."

टक.

मी गिटारीकडेच बघत होतो. माझे हात माझ्या मांडीवर होते. ताईचे तिच्या तोंडावर.

टक.

आणि घरघर दबली.

 इतक्या शांततेत मावशीचं पुटपुटणं भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं. माझा भाऊ परत येऊ दे, असं मनात म्हणायचं सोडून मी मीटरचा काटा बघत बसलो होतो. घरघरीबरोबर काटाही खाली आला होता; तो सांगत होता की तारांना माणूस लागलाय.

"हा हात त्याचा असेल," ताई हळूच म्हणाली, "तर तो आता..."



"वायरिंगच असेल गं," मी म्हणालो. माझा मलाच आवाज परका वाटला.

त्यानंतर ताई रोज कामावरून आली की अ‍ॅम्प लावायची आणि समोर बसायची. शांतता पडू नये म्हणून. शांतता पडली नाही तर तो जिवंत असण्याची आशा होती. पण रोज ती पडायचीच. मावशी विचारायची, "ते कशाला लावून बसतेस गं?" ताई म्हणायची, "तो आला की चिडेल, सराव नाही केला तर."

आणि मग एके दिवशी सकाळी पुन्हा कंपनीचा फोन.

भोंग्या सापडला होता. जिवंत! एका तराफ्यावर होता, एकटाच. बाकी कुणी हाती लागलं नाही.

घरात जे झालं ते मी सांगायला नको. मावशी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. ताईने मला फोन करून सांगितलं, "वायरिंगच होतं रे! तू म्हणालास तेच खरं!" एवढ्या आनंदाने चूक कबूल करणारी ताई मी पहिल्यांदाच ऐकली.

भोंग्या घरी आला.

वाळला होता. ओठ फुटले होते. बाकी सगळं तेच. भुवईतला व्रण तोच, हसताना डोळे मिटणं तेच. शाळेतल्या गोष्टी त्याला आठवत होत्या. मला बघून म्हणाला, "काय शास्त्रज्ञ, नोकरी लागली का अजून विजेच्या तारा चाटतोस?" मी मिठी मारली. अंग गार होतं. पण घरात पंखा होता, आणि माणूस समुद्रातून आला होता.

आठवडाभराने ताईने गिटार त्याच्या हातात दिली.

"मी दोन कॉर्ड शिकलेय. पण आधी तू."

त्याने पट्टा खांद्यावर घेतला. वायर लावली, अ‍ॅम्प चालू केला. घरघर सुरू झाली. त्याने डावा हात तारांवर ठेवला.

घरघर चालूच राहिली.

त्याने उजवा पंजा टेकवला. अख्खा पंजा.

घरघर... चालूच.

त्याने वाजवलंही. नीट वाजवलं, पूर्वीपेक्षा चांगलं. सूर लागत होते आणि प्रत्येक सुराच्या मागे ती घरघर तशीच. गिटार स्टँडवर एकटी उभी असावी तशी.

ताईने हात पुढे केला. त्याच्या बोटांशेजारी, त्याच तारेवर, आपलं एक बोट ठेवलं.

शांतता.

तिने बोट उचललं. घरघर.

भोंग्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या हाताने थांबतंय. माझ्या हाताने का नाही गं थांबत?"

"खाऱ्या पाण्याने हात कोरडे पडलेत तुझे," ताई म्हणाली. कशी म्हणाली, देव जाणे. "तेल लावत जा."

त्याने गिटार स्टँडवर ठेवली. तारांवर थाप मारली नाही. तेवढ्यात मावशीने जेवायला हाक मारली आणि तो उठून गेला.

ताई अ‍ॅम्प बंद करायला वाकली. स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मावशी म्हणत होती, "अजून एक घे रे, हाडं दिसताहेत नुसती." तो हसत होता. ताईचं बोट बटणावर होतं, आणि...

टक.

टक.

शांतता.

आत तो जेवत होता. आणि इथे, तिच्यासमोर, कुणीतरी तारांवर पंजा टेकवून बसलं होतं.

 मग तिने आपला हात तारांवर ठेवला. तिला काहीच लागलं नाही. ना गार, ना गरम. पण तिने हात उचलल्यावरही शांतता गेली नाही. तिला थोपटता आलं असतं तर तिने थोपटलं असतं, असं ती मला म्हणाली.

हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आमच्या घराच्या जिन्यात उभं राहून. मी म्हणालो, मीटर घेऊन येतो. भोंग्याचा हात तपासू. कातडी फारच कोरडी असेल तर वीज जात नाही, असं होऊ शकतं. एक साधी चाचणी, दोन मिनिटांचं काम.

"नको."

"ताई, दोनदा तपासल्याशिवाय तू साधी काच पाठवत नाहीस."

"काच चुकली तर बदलून देता येते," ती म्हणाली. "आई परत हसायला लागलीय. मीटर घेऊन आमच्या घरात पाऊल टाकलंस तर याद राख."

मी गेलो नाही.

थोड्या दिवसांनी भोंग्याच म्हणाला, ती गिटार कुणाला तरी देऊन टाका. तो आवाज सहन होत नाही. ज्या माणसाने गल्लीला झोपू दिलं नाही, तो हे म्हणाला. मावशी लगेच म्हणाली, देऊन टाक गं, पोराला त्रास नको. ताई हो म्हणाली. गिटार, अ‍ॅम्प, वायर, सगळं खोक्यात भरून घेऊन गेली.

दिलं मात्र कुणालाच नाही. तिच्या कामाच्या जागी मागे एक खोली आहे, जुन्या फ्रेमा ठेवायची. तिथे तिने ते सगळं मांडलंय. काचा घासायची मशिनं बंद झाली की ती तिथे जाऊन बसते. तिथेही शांतता पडते, असं सांगते. आता तिला त्या शांततेची भीती वाटत नाही म्हणे. घरी जायची वाटते.

तिने मला बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

परवा तिचा घरून फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग सहज विचारावं तसं विचारलं,

"अ‍ॅम्प कधी बंदच केला नाही, तर किती वर्षं टिकेल रे?"

मी खरं ते सांगितलं. तसले स्वस्त अ‍ॅम्प सतत चालवण्यासाठी बनवलेले नसतात. आतले भाग तापतात, फुगतात आणि एक दिवस जळतात.

"ते भाग आधीच आणून ठेवता येतील?"

"येतील. पण ताई..."

"नावं लिहून पाठव मला. आणि बदलायचे कसे तेही. बदलताना थोडा वेळ तरी बंद करावाच लागेल ना?"

लागेल, असं म्हणण्याआधीच पलीकडून दुसरा आवाज आला. जवळून. अगदी रिसिव्हरजवळून. हसरा, ओळखीचा.

"कोण आहे गं? शास्त्रज्ञ का? दे की जरा."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मग तो थांबला. मी बोलायची वाट बघत होता.

माझा सख्खा मावसभाऊ. लहानपणी एका सायकलवर शाळेत गेलोय आम्ही.

मी कान फोनला लावून ऐकत राहिलो. फोनवर माणूस असला की श्वास ऐकू येतो... निदान थोडा तरी.

मी फोन ठेवून दिला.

भागांची नावं ताईला पाठवली आहेत. त्या घरी मात्र माझं पाऊल अजून वळत नाही.