युत्यावची सात इंजेक्शनं

"तुमच्या पोटात कोणीतरी शिट्टी वाजवतंय," शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला.

कीलुंगहून तैपेईला जाणाऱ्या बसमध्ये अनोळखी बाईच्या पोटाविषयी बोलणाऱ्या माणसाकडे कसं बघायचं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तसंच बघितलं. पण तो काही ओशाळला नाही. मांडीवर हत्यारांची पेटी, पावसाने भिजलेल्या बाह्या, आणि नजर सरळ माझ्या कोटाच्या बटणांवर. कोटाच्या आत, स्वेटरच्या उबेत, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला माझा साप होता.

"भूक लागलीय मला," मी म्हणाले.

"भुकेचा आवाज गुडगुड असतो. ही शीळ आहे... आणि फक्त श्वास घेताना येतेय." तो जरा जवळ झुकला. "अजगर ना? छोटा, घाबरला की गोळा होऊन बसणारा?"

पुढच्या सीटवरच्या आजीबाई पेंगत होत्या. तरी मी आवाज खाली आणला. "हळू बोला. ड्रायव्हरने ऐकलं तर आम्हा दोघांना बोगद्यातच उतरवेल."

"किती दिवस झाले शीळ यायला?"

"चार."

"आणि खाणं?"

"सहा आठवडे तोंड लावलेलं नाही."

"मग निघालात ते बरं केलंत. मी महिनाभर थांबलो होतो. सर्दी असेल, जाईल, म्हणत राहिलो." त्याने खिडकीची वाफ तळव्याने पुसली. "मिफन नाव होतं तिचं."

त्यातलं 'होतं' मला लागलं. मी कोटाचं वरचं एक बटण काढलं. अभ्र्याच्या तोंडाशी युत्यावचं सोनेरी-तपकिरी डोकं होतं, ओठांच्या कडेला फेसाचा बारीक बुडबुडा. तो माणूस त्या बुडबुड्याकडे बघत राहिला.

"तुम्हाला कुठे उतरायचंय?" मी विचारलं.

"मागच्या थांब्यावर," तो म्हणाला.

त्याचं नाव बो-यान. घरातली ओल शोषून घेणारी यंत्रं तो दुरुस्त करायचा, म्हणजे आमच्या कीलुंगमध्ये त्याला मरायला फुरसत नसणार. इथे वर्षातले दोनशे दिवस पाऊस, यंत्र बंद पडलं तर दोन दिवसांत चपलांना बुरशी. तरीही तो त्या सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात आला आणि दीड तास माझी छत्री धरून बसला. सुटे भाग आणायचे होते म्हणे. आणेल कधीतरी, असं मनाशी म्हणून मी त्याला बसू दिलं.

डॉक्टर लियाओ बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "फुप्फुसात पाणी आहे. सापाला खोकता येत नाही, त्यामुळे आत साचलेलं बाहेर पडत नाही. उशीर केलात तर जाईल." मग एकेक बोट मोडत त्या सांगत गेल्या. सात इंजेक्शनं, दर तिसऱ्या दिवशी एक. सुया भरून देते, फ्रीजरमध्ये ठेवा. टाकीत एकतीस अंश ऊब हवी. धूर अजिबात नको. "घरात कोणी सिगारेट ओढतं?"

"कोणीच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

"इंजेक्शन कोण देणार?"

"मी."

"आणि धरणार कोण?"

आबाचं, माझ्या वडिलांचं, नाव ओठांवर आलं होतं. पण आबा सापाला हात लावत नाही, लांबूनच 'जेवलास का?' विचारतो. माझ्या मागून छत्री भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"मी धरेन," बो-यान म्हणाला.

आमचं न्याहारीचं दुकान आहे. पहाटे सोयाबीनचं गरम दूध, तळलेले युत्याव, पातीच्या कांद्याच्या पोळ्या. अकराला शटर खाली. युत्याव म्हणजे तळलेली लांबट सोनेरी काडी. सापाचं नाव आईने ठेवलं, पहिल्याच दिवशी, कढईवरून नजर न काढता. ती चिनी पंचांगातल्या सापाच्या वर्षी जन्मलेली, त्यामुळे तो आपल्याच गोतातला, असं तिचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा आबाने टाकी उचलून वरच्या खोलीत तिच्या देव्हाऱ्याखाली, फोटोच्या बरोबर खाली ठेवली. एकमेकांना सोबत होईल म्हणाला.

दर तिसऱ्या दिवशी साडेअकराला बो-यान मागच्या दाराने यायचा. फ्रीजरमधल्या पोळ्यांच्या गठ्ठ्यामागून मी सुई काढायची, तळहातात धरून ऊब द्यायची. तो युत्यावचं डोकं दोन बोटांत अलगद धरायचा आणि बाकीचा साप त्याच्या मनगटाला विळखा घालायचा. माझी सुई डोक्यापासून वीतभर खाली, पाठीच्या कण्याशेजारी. माझा हात कापत नाही. पिठाचे गोळे एका मापाचे करणारा हात आहे तो. पण दुसऱ्या खेपेला मान वर केली तर या माणसाचे डोळे घट्ट मिटलेले.

"तुम्ही डोळे मिटता?"

"मला सुईची भीती वाटते."

"मग येता कशाला?"

"सुईसाठी येत नाही मी," तो डोळे मिटूनच म्हणाला.

मी सुई बाहेर काढली आणि उगाचच दोनदा पुसली. गाल तापले होते, पण ते बघायला त्याचे डोळे उघडे नव्हते, हे एक बरं.

आबा जिन्यात उभा राहून सगळं ऐकत असे. "काय रे, आमचं ओलीचं यंत्र बिघडलंय का?"

"नाही काका, उत्तम चाललंय."

"मग बिघडव की एकदा. यायला काहीतरी निमित्त नको?"

तिसऱ्या इंजेक्शननंतर मात्र हसू आटलं. युत्याव आणखी बिघडला. श्वासासाठी डोकं उंच धरून तो टाकीच्या काचेला टेकून राहायचा, तोंड उघडं, शीळ आता जिन्यातूनही ऐकू येणारी. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, औषध बरोबर आहे, घरात काहीतरी चुकतंय. मी ऊब मोजली, पाणी बदललं, कागद बदलले. सगळं ठीक होतं. मी हरणाऱ्यांतली नाही, पण त्या दिवशी टाकीपुढे बसकण मारली ती उठवेना.

चौथ्या इंजेक्शनला आलेल्या बो-यानने टाकीच्या जाळीच्या झाकणावरून बोट फिरवलं. बोट करडं झालं. त्याने ते मला दाखवलं, मग वर बघितलं.

वर फोटोत आई हसत होती. तिच्यापुढे सहा उदबत्त्या जळत होत्या. तीन रोजच्या, आणि तीन युत्याव आजारी पडल्यापासून वाढवलेल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. धुराची रेघ वर जाऊन छताला लागायची आणि पसरून खाली टाकीवर उतरायची.

घरात कोणी सिगारेट ओढत नाही, हे मी किती ऐटीत सांगितलं होतं. उदबत्ती म्हणजे धूर, असं या गल्लीत कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. ती प्रार्थना असते.

"टाकी दुसऱ्या खोलीत नेऊ?" बो-यानने विचारलं.

"दुसरी खोली कुठेय? या फळ्यांच्या भिंती छतापर्यंत पोचतच नाहीत. धूर सगळीकडे येतो."

"मग काकांना सांगावं लागेल."

"सांगेन," मी म्हणाले. "पण तुम्ही थांबा."

आबा हात पुसत वर आला. मी आडवळण घेतलं नाही. आबा, तू युत्यावसाठी लावतोस त्या उदबत्त्यांनी त्याचा जीव चाललाय, असं एका दमात सांगून टाकलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे, मग आईकडे. हातातला पंचा तो पिळतच राहिला. कोरडा होता, तरी.

"चार वर्षांत एक दिवस चुकला नाही माझा," तो म्हणाला. "तिला काय वाटेल, काइ-निंग? बायकोपेक्षा साप बरा?"

बो-यानच पुढे झाला. "काका, मी माझ्या सापाला बरं वाटावं म्हणून काहीच केलं नव्हतं. तुम्ही निदान जास्त केलंत. आता काकूंनाच विचारा ना."

आबाने देव्हाऱ्यातून कौल लावायचे लाकडाचे दोन तुकडे काढले, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. गुडघे टेकले. "ऐक गं," तो म्हणाला, आई कढईपाशी उभी असावी तशा आवाजात, "उदबत्ती बंद करू का?" आणि तुकडे जमिनीवर टाकले.

दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. म्हणजे ती हसतेय.

"बघ, चेष्टा सुचतेय तिला," आबा नाक ओढत म्हणाला. मग त्याने प्रश्न नीट मांडला. "युत्याव बरा होईपर्यंत उदबत्तीऐवजी फुलं ठेवतो, आणि रोज गरम दुधाचा पहिला पेला. चालेल का?"

एक सपाट, एक फुगीर. हो.

आबाने सहाच्या सहा उदबत्त्या उपटल्या आणि बादलीत विझवल्या. मग खिडकी उघडली, पाठ आमच्याकडे करून बराच वेळ पाऊस बघत राहिला. मला माझ्या बापाचा फार अभिमान वाटला. मी बो-यानचा हात धरला. साप मध्ये नसताना धरलेला तो पहिला हात.

"तू नसतास तर..." मी म्हणाले.

"तू?" त्याने भुवई उचलली. "मघापर्यंत मी 'तुम्ही' होतो."

"आता नाहीस. चल, डोळे मीट, सुई आणते."

पाचव्या सुईपर्यंत फेस गेला. सहाव्याला डोकं खाली आलं. सातव्याला शीळ ऐकायला आम्ही दोघं कान लावून बसलो, तर काही नाही. डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे बघून मान डोलावली, पण सुटका केली नाही. "नऊ आठवडे उपाशी आहे, फार झालं. उंदीर देऊन बघा. स्वतःहून खाल्लं तर जिंकलात. नाही खाल्लं तर नळीने भरवावं लागेल, आणि इतक्या अशक्त जनावराला ते झेपेलच असं नाही."

तिसऱ्या दिवशी साडेअकराला आम्ही टाकीपुढे गुडघे टेकून बसलो. बो-यानच्या हातात लांब चिमटा, चिमट्यात कोमट केलेला छोटा उंदीर. युत्याव लाकडाच्या ढोलीतून बोटभर बाहेर. जीभ एकदा आत-बाहेर, मग काहीच नाही.

पाच मिनिटं. दहा. वीस. हलायचं नाही, आजारी साप बिचकतो. बो-यानचा हात दगडासारखा स्थिर होता. घामाचा एक थेंब त्याच्या कानामागून निघून कॉलरमध्ये शिरला. खाली आबाने भांडी घासणं थांबवलं होतं. जिन्याच्या पायथ्याशी तोही श्वास धरून असणार. युत्यावने डोकं मागे घेतलं. आत जायला निघाला.

"बो-यान," मी कुजबुजले.

"श्श."

"इंजेक्शनं संपली. आता तुला तिसऱ्या दिवशी यायला काही निमित्त नाही."

"हं." चिमटा तसाच.

"तर तू निमित्ताशिवाय ये. आणि रोज ये. मला तू आवडतोस, बो-यान. हा खाऊ दे नाहीतर न खाऊ दे, तरी आवडतोस." मी टाकीवरची नजर काढली नाही. "आत्ता उत्तर देऊ नकोस. हलायचं नाहीये."

तो हलला नाही. त्याची मान हलली नाही, खांदा हलला नाही. फक्त बोटं... अगदी जरा. चिमट्याच्या टोकाला उंदीर थरथरला.

युत्यावने झडप घातली. डोळा लवायच्या आत उंदराभोवती दोन विळखे, घट्ट, निरोगी, भुकेले. मग जबडा उघडला आणि तो सावकाश, घाई न करता, गिळू लागला. मधेच शीळ नाही. बुडबुडा नाही.

माझ्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं आणि मी ते पुसलंही नाही. बो-यान अजून तसाच बसला होता, रिकामा चिमटा हवेत धरून, माझ्याकडे न बघता.

"काइ-निंग," तो अगदी हळू म्हणाला, "आता हललं तर चालेल?"

"चालेल," मी म्हणाले.