चूकठसा

पडद्यावर नाव उमटलं : नामदेव खंदारे, निवृत्त इंग्रजी शिक्षक, बोरगव्हाण. जलविद्युत केंद्र उडवून देण्याची धमकी देणारा माणूस यंत्राने शोधून काढला होता.

पोलीस उपअधीक्षक निंबाळकरांना अजून खात्री वाटत नव्हती. इंग्रजीत लिहिलेल्या त्या धमकीत नाव नाही, पत्ता नाही. मग माणूस सापडला कसा?

"बरोबर स्पेलिंग सगळ्यांचं सारखं असतं," यंत्र तयार करणाऱ्या डॉ. हेमांगी वायंगणकर म्हणाल्या. "चूक मात्र ज्याची त्याची असते. 'सेपरेट'मध्ये 'ए'च्या जागी 'ई', 'अकोमोडेट'मध्ये एकच 'एम', 'घडलं' या अर्थाच्या 'अकर्ड'मध्ये एकच 'आर'. अशा दोनशे शब्दांतल्या चुका एकत्र केल्या, की त्या माणसाचा चूकठसा तयार होतो. बोटाच्या ठशासारखाच."

शासनाच्या लेखन-भांडारात सगळ्या सरकारी नोकरांचं जुनं लिखाण होतं. खंदाऱ्यांचा ठसा त्यात तंतोतंत जुळला. न्यायालयात हेमांगींनी शपथेवर सांगितलं, की हे यंत्र चुकू शकत नाही. खंदारे सर आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभे होते. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

वर्षही उलटलं नाही, तोच दुसरी धमकी आली. यंत्राने पुन्हा नाव दिलं : नामदेव खंदारे.

हेमांगींनी यंत्र पुन्हा चालवलं; नाव तेच आलं. सर तर तुरुंगात होते. मग हेमांगींना कळलं, आणि हे इतकं साधं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याची त्यांना लाज वाटली. चुका माणूस जन्मताना घेऊन येत नाही, त्या त्याला कुणीतरी शिकवतं. बोरगव्हाणला बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवणारा एकच माणूस होता. त्याचे विद्यार्थी सरकारी नोकर नव्हते, म्हणून भांडारात नव्हते. यंत्राने गुरुजी ओळखले होते. लिहिणारा त्यांचा कुठलातरी विद्यार्थी होता.

हेमांगींनी न्यायालयात धाव घेतली. सगळं समजावून सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांची जुनी साक्ष त्यांनाच वाचून दाखवली. यंत्र चुकत नाही, हे सिद्ध झालेलं होतं. तेव्हा ही धमकीही खंदाऱ्यांनीच, तुरुंगातून, कुणाच्या तरी हातून पाठवली असली पाहिजे. शिक्षा वाढली. सरांचा कागद-पेन काढून घेतला गेला.

हेमांगी त्यांना भेटायला गेल्या. जाळीपलीकडे बसलेले सर फार वाळले होते. एकच उपाय उरलाय, असं हेमांगींनी सांगितलं : जुन्या विद्यार्थ्यांची नावं द्या, त्यांचं लिखाण मिळवते, खरा माणूस शोधते.

सरांनी विचारलं, "'सेपरेट'मध्ये 'पी'नंतर 'ए' असतो ना मॅडम? मला तुमची साक्ष ऐकली तेव्हा कळलं. माझ्या गुरुजींनी 'ई' शिकवला होता. मीही फळ्यावर तोच लिहीत आलो."

"सर, नावं द्या. वेळ कमी आहे."

"कितीजणांची देऊ? गावातली दोन पिढ्यांची लेकरं आहेत. सगळी माझ्यासारखंच लिहितात. तुमचं यंत्र त्यातल्या ज्याच्यावर बोट ठेवेल, तो आत येईल. आणि न्यायाधीश म्हणतील, यंत्र चुकत नाही."

ते वाक्य मुळात हेमांगींचंच होतं. त्या ते बोलल्या नसत्या, तर सर आत नसते.

भेटीची वेळ संपली. सर उठले, हात जोडले आणि शिपायामागून निघून गेले. नाव त्यांनी एकाचंही दिलं नाही.