अकरा सेंटीमीटरची पायरी

प्रेमाला उंच-सखल दिसत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांनी सुभानपुऱ्यात रस्त्याची लेव्हल घेतलेली नव्हती.

शर्वरीने घेतली. मे महिन्यात, सकाळी सात वाजता, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. नवं डांबर पडण्याआधी जुन्या रस्त्याची उंची मोजून द्यायची, हे तिच्या कंपनीचं काम. आकड्यांची उंच पट्टी धरणारा माणूस त्या दिवशी आलाच नाही. म्हणून सहा नंबरच्या घरातून दात घासत बाहेर आलेल्या तरुणाला तिने विचारलं, "जरा ही पट्टी धराल? दोनच मिनिटं."

"धरतो ने," तो ब्रश खिशात घालत म्हणाला. त्याचं नाव अनय. दोन मिनिटांची पंचवीस झाली.

यंत्र जुनं होतं, त्यातून जग उलटं दिसे. त्यामुळे शर्वरीला अनय पहिल्यांदा दिसला तो डोकं खाली, पाय वर, ओठांवर पेस्ट... तरीही बरा दिसत होता. याची तिला भीतीच वाटली.

"हलू नका!"

"श्वास घेतोय हो. तोही बंद करू?"

"आकडा वाचेपर्यंत करा."

त्याने केला. तिने मुद्दाम आकडा दोनदा वाचला.

"आमच्या घराला पाच पायऱ्या होत्या," लाल झालेला अनय नंतर म्हणाला. "दर निवडणुकीआधी रस्ता होतो. जुना कोणी खरवडत नाही, वरूनच थर चढवतात. चार निवडणुका झाल्या."

उरलेली एक पायरी शर्वरीने मोजली. अकरा सेंटीमीटर. नवा थर दहा सेंटीमीटरचा पडणार होता. हे तिने त्याला सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं, कारण तो एकदम म्हणाला, "चहा घेणार?"

घरात अनयचे वडील होते, गोविंदराव. रिफायनरीत पस्तीस वर्षं सेफ्टी विभागात काढलेला माणूस. गेल्या ऑगस्टात घरात पाणी शिरलं आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या सोसायटीत नदीतून आलेली मगर दिसल्याचा फोन आला. तेव्हापासून त्यांनी फ्रिज विटांवर, मिक्सर माळ्यावर आणि एक पलंग दुसऱ्या पलंगावर चढवला होता. आभाळ भरलं की ते त्यावर जाऊन बसत. पाऊस पडला नाही तरी जेवायला खाली येत नसत.

मोजणी दोन दिवसांची होती. ती नऊ दिवस चालली. रोज सात वाजता अनय पट्टी धरायला हजर, सव्वासातला चहा. समोरच्या नयनाबेन गॅलरीतून गुजरातीत ओरडायच्या, "अनयभाई, आ बेन रस्तो मापे छे के तने?"

"रस्ता!" दोघं एकदम ओरडायचे.

दहाव्या दिवशी अहवाल द्यायचा होता. शर्वरीचे साहेब उदयसिंहराव फोनवर फार प्रेमाने बोलले, तेव्हाच ती सावध झाली.

"जुना थर खरवडून मग नवा टाका, असं लिहायचा विचार असेल तर लिहा हं. आपल्याला काय! मशीन मागवावं लागेल. मशीन आलं की काम पावसात जातं. पावसात गेलं की माणसं बदलतात... तुमचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतंय ना?"

ती तशीच सहा नंबरला गेली. आभाळ काळवंडलं होतं. शेजारच्या गल्लीतून गरम डांबराचा वास येत होता. अनय फाटकाशी कपबशी घेऊन उभा होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "हा चहा... माझ्यासाठी आहे, की पायरीसाठी?"

अनयने बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला.

"खरं सांगा."

"पहिल्या दिवशी... पायरीसाठी. बाबांनी आतून खूण केली, इंजिनिअर आहे, चहा विचार."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बाबांनी खूण केली नव्हती."

वाऱ्याने फाटक हललं. दोघंही दचकले.

"तुम्ही अहवालात खरवडायचं लिहू नका," तो भराभर म्हणाला.

"वेडे आहात का? पायरी जाईल!"

"मला पाण्याची भीती वाटते, खोटं नाही बोलत. बाबांचं काय होईल याची जास्त वाटते. पण तुम्ही लिहिलंत, तर जन्मभर तुम्हाला वाटत राहील की मी त्यासाठीच... त्याची सगळ्यात जास्त वाटते."

"जन्मभर?" शर्वरीने हळूच विचारलं.

अनयने घाबरून तिचा चहा स्वतःच पिऊन टाकला.

"अनय!" खिडकीतून गोविंदरावांचा आवाज आला. "आभाळ बघ! आत ये! आणि त्यांनाही आण, वर तिघांची जागा आहे!"

म्हणून शर्वरीने अहवाल पलंगावरच्या पलंगावर बसून लिहिला. पंख्यापासून डोकं सांभाळत: जुना थर दहा सेंटीमीटर खरवडल्याशिवाय नवा टाकू नये. खाली सही.

"मी नको म्हटलं होतं," अनय कुजबुजला.

"हे रस्त्याबद्दल आहे. तुमच्याबद्दल अजून काही लिहिलेलं नाही."

"...लिहाल?"

"आधी तोंडी सांगते."

तिने सांगितलं. गोविंदराव आभाळाकडे बघत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. अनयला गेलं, कारण त्याने पुन्हा श्वास बंद केला, आणि या वेळी 'घ्या आता' म्हणायचं शर्वरीला बराच वेळ सुचलं नाही.

उदयसिंहरावांनी सही केली. जूनअखेर शर्वरीला करजण गावातल्या एका ठेकेदाराकडे दुसरी नोकरी शोधावी लागली. पण मशीन आलं. दहा सेंटीमीटर रस्ता खरवडला गेला, आणि त्या संध्याकाळी गोविंदराव उंच झालेल्या पायरीवरून चार वेळा चढले-उतरले. दुसऱ्या दिवशी तिथे दहा सेंटीमीटरचा नवा थर पडला, आणि पायरी पुन्हा अकरा सेंटीमीटरची झाली.

ऑगस्टात घरात पाणी आलं. गादीचं एक टोक अनयने उचललं, दुसरं करजणहून आलेल्या शर्वरीने. साखरपुडा दिवाळीनंतरचा ठरला होता. वरच्या पलंगावरून गोविंदराव टॉर्च दाखवत होते.

पाणी तिसऱ्या दिवशी ओसरलं. रस्त्याला एकही खड्डा पडलेला नव्हता.