एफ्राइनच्या हातावरचा नंबर

“बाही वर कर,” अरासेली मान वर न करताच म्हणाली.

समोर आलेला हात बारीक होता, सिमेंटच्या धुळीने पांढरा झालेला. दुपारपासून तिने असे कितीतरी हात पाहिले होते. भूकंपाने मेक्सिको शहराचा हा कोपरा पार विस्कटून टाकला होता. ती नोकरी करायची त्या स्टेशनरीच्या दुकानाची काच फुटली, आणि समोरची सहा मजली इमारत खाली बसली ती बसलीच. लोक बादल्या, फावडी, जे हाताला लागलं ते घेऊन धावत आले. दुकानाच्या दारात बसलेल्या अरासेलीकडे देण्यासारखं काय होतं? मार्कर! ढिगाऱ्यात जो शिरेल त्याच्या हातावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहायचा. म्हणजे तो स्वतः बोलू शकला नाही, तर कोणाला कळवायचं ते हात सांगेल. काम सोपं होतं, आणि त्या रस्त्यावर त्याहून वाईट काम दुसरं नव्हतं.

“नाव?”

“एफ्राइन.”

“रक्तगट?”

“ओ पॉझिटिव्ह. स्वभाव पण पॉझिटिव्ह आहे, तोही लिही.”

“स्वभावाला जागा नाही. हात बघ केवढासा तुझा.”

“म्हणून तर मला आत पाठवताहेत. आई जन्मभर कोकलत होती, खात नाहीस, कोणाच्या कामाचा राहणार नाहीस. आज बघायला हवी होती...”

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. धुळीने माखलेल्या चेहऱ्यात दोन हसरे डोळे. आजच्या दिवशी कोणी हसतं का? तिला राग आला, आणि रागाबरोबर थोडं बरंही वाटलं.

“घरचा नंबर?”

“घरी कोणी नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. एक मावशी आहे, पण तिला फोन केलास तर आधी ती तासभर आपल्या गुडघ्यांचं सांगेल.”

“मग कोणाचा लिहू?”

“तुझा.”

“वा रे वा! इमारत पडलीय आणि तुला हे सुचतंय?”

“इमारत पडलीय म्हणूनच तर सुचलं. एरवी तुझ्या दुकानात येऊन, नको असलेल्या वह्या घेत महिनाभर घुटमळलो असतो.” मग तो हळूच म्हणाला, “कोणाचा तरी असू दे गं. कोरा हात घेऊन आत जायला... बरं नाही वाटत.”

तिने मान खाली घालून नंबर लिहिला. त्याने फुंकर मारून शाई वाळवली, हेल्मेट चढवलं आणि ढिगाऱ्यातल्या फटीतून आधी डोकं, मग खांदे, मग पाय असा दिसेनासा झाला. आत कोणीतरी पाइपावर ठोकत होतं. अजून जिवंत होतं.

मार्करचं टोपण लावताना अरासेलीचा हात थबकला.

सात! शेवटी तिने सात लिहिला होता. तिच्या नंबरात शेवटी चार होता.

काउंटरवर रोज कोणी ना कोणी नंबर मागायचं. नाही म्हटलं तर वाद, म्हणून शेवटचा आकडा बदलून द्यायची तिला सवय होती. हाताला वळणच पडलं होतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच! पण आज? याला? आत त्याला काही झालं, तर फोन भलतीकडे वाजेल आणि हा माणूस बेवारस ठरेल.

ती फटीकडे धावली, हाक मारायला तोंड उघडलं... आणि ढिगाऱ्यावरच्या माणसाने मूठ वर केली. पाठोपाठ शंभर मुठी वर गेल्या. मूठ वर म्हणजे सगळ्यांनी गप्प. आतला आवाज ऐकायचा असतो. जनरेटर बंद झाला. लहान मुलंसुद्धा चिडीचूप. “एफ्राइन” हा शब्द अरासेलीच्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. तिनेही मूठ वर केली. तेव्हा तिला कळलं, की हा माणूस तिला हवा आहे. ओळख म्हणाल तर एक कप कॉफी संपेल एवढी. पण हवा आहे.

आतून ठोकण्याचा आवाज आला. मग एफ्राइनचा, “सापडली! हात लागला!” आणि तेवढ्यात जमीन पुन्हा हलली.

वरचा स्लॅब कुरकुरत खाली सरकला. धुळीचा लोट उठला. मुठी खाली आल्या, किंकाळ्या उठल्या. अरासेलीने मार्कर खिशात कोंबला आणि बादल्यांच्या रांगेत उभी राहिली. नखं तुटेपर्यंत ती बादल्या पुढे ढकलत राहिली.

ऊन उतरलं तेव्हा आधी एक बाई बाहेर आली, चादरीने तोंडासकट झाकलेली. मग एफ्राइन. श्वास चालू होता. डाव्या पायाकडे पाहवत नव्हतं.

रुग्णवाहिकेतल्या नर्सने हातावरचा नंबर फिरवला. पलीकडून कोणीतरी खेकसलं, “कोण एफ्राइन? इथे आमचीच माणसं सापडेनात!” आणि फोन बंद.

“याला घेऊन चला, कोणी नाही याचं,” नर्स म्हणाली.

“नंबर चुकलाय! मी लिहिलाय तो, माझ्याकडून चुकला. मी येते याच्याबरोबर.”

“फक्त घरचे येतात. तू कोण याची?”

“बायको,” अरासेली म्हणाली आणि आत चढली.

गाडी खड्ड्यांतून हळूहळू निघाली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“बायको?... हे कधी झालं?”

“बोलू नकोस.” तिला रडू फुटलं. “एफ्राइन, मी तुला खोटा नंबर दिला रे. शेवटचा आकडा...”

“माहीत होतं.” त्याचे सुकलेले ओठ जरासे हलले. “एवढी छान मुलगी... पहिल्या फटक्यात खरा देते का?”

“आणि तरी गेलास?”

“ती ठोकत होती ना.” तो धापा टाकत थांबला. “ओफेलिया नाव तिचं. माझं बोट धरलं होतं तिने. मी म्हटलं, सोडून जाणार नाही... वाचली ना ती?”

नर्सने अरासेलीकडे पाहून डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. हो म्हणणं किती सोपं होतं! खोटं बोलायची तर सवयच होती तिला. पण या माणसाशी आता नाही. कधीच नाही.

“नाही,” ती त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली. “नाही वाचली रे.”

त्याने तोंड फिरवलं. धुळीतून डोळ्यांचं पाणी कानाकडे ओघळत गेलं. हात मात्र त्याने सोडवून घेतला नाही. तिचा हात घट्ट धरून तो हॉस्पिटल येईपर्यंत रडत राहिला.