पाठमोरा

ताहिरीच्या आईचं जन्मनाव वावीसुआ. पण त्या नावानं तिला हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. पहिलं पोर झालं की बाई त्या पोराच्या नावानं ओळखली जाते, ही आमच्या किनाऱ्याची रीत. भांडायचं झालं तरी 'अगं ताहिरीच्या आई, डोळे फुटले का तुझे? हा जवळा ओला आहे!' असंच भांडायचं. ती जवळा सुकवायची. खाजणाच्या कडेला तिच्या चटया पसरलेल्या असायच्या आणि दिवसभर तिचं तोंड कावळ्यांवर चालू असायचं. तोंडाळ बाई. कावळ्यांवरून घसरली की सरकारवर जायची, सरकारवरून राजावर.

पोराचं नाव मात्र राजाचंच होतं. ही करणी तिच्या थोरल्या भावाची, बेसेलीची. बेसेली तेव्हा दुआनीत, म्हणजे गेलेल्या राजांच्या अस्थी ठेवलेल्या त्या कुडाच्या आवारात, ढोल बडवायचा आणि कारभारी व्हायची स्वप्नं बघायचा. भाच्याला राजाचं नाव दिलं की आपण राजाच्या नजरेत भरू, एवढं साधं गणित. राजा खूश झाला, त्यानं बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि बेसेली यथावकाश कारभारी झाला. ताहिरी म्हणजे जपून ठेवलेलं. आईला नाव आवडलं, म्हणून तेवढ्यापुरती ती गप्प बसली.

ताहिरी ऐन बाविशीत उलांडीची, म्हणजे बाजूला तोल सावरणारं लाकूड बांधलेली, होडी घेऊन नदीच्या मुखाच्या तांबड्या पाण्यापलीकडे दर्यात गेला. होडी परत आली, उलटी होऊन, उलांडी मोडून. तो आला नाही. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याच्या नावाचा दगड उभा करतात. तिनं चिंचेखाली दगड उभा केला, त्यावर नाव कोरून घेतलं, आणि रोज दिवस कलताना त्या दगडाशी उभी राहून दर्याकडे तोंड करून ओरडायला लागली. "ताहिरीऽऽ, भात निवतोय रे!" बस, इतकंच. वेडीबिडी नव्हती ती. तो येणार नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण प्रेत नाही, हाड नाही, पोरगा म्हणून एक नाव तेवढं तिच्याकडे उरलं होतं. ते ती रोज वापरायची.

मग राजानं पाठ फिरवली.

आमच्याकडे राजा मेला असं म्हणत नाहीत, पाठ फिरवली म्हणतात. म्हातारा गेला तो मजुंगा शहरातल्या इस्पितळात, नाकात नळ्या घालून. साखरेनं त्याचा डावा पाय कधीच कामातून गेला होता. तो फरफटत चालायचा आणि त्याच्या मागे वाळूत एक लांब रेघ उमटायची. राज्य गोऱ्यांनी खालसा केलं, पुढे गोरेही गेले, राजाच्या हाती उरले गुरांचे दोन गोठे आणि लोकांची भीती. भीती काही कमी नसते.

गेलेल्या राजाचं जिवंतपणीचं नाव पुन्हा कुणी तोंडातून काढायचं नाही. ते फादी, निषिद्ध. त्याला नवं, मोठं नाव मिळतं. या राजाला मिळालं आंद्रियामियांद्रारिवू, म्हणजे हजारांनी ज्याची वाट पाहिली तो धनी. जुनं नाव त्या दिवसापासून बंद. बियाण्यासाठी जपून ठेवलेल्या भातालाही आम्ही ताहिरीच म्हणायचो. तो शब्दही गेला. बायका रांजणाकडे बोट दाखवून 'ते आतलं' म्हणायला लागल्या.

आणि ताहिरीच्या आईला काय म्हणायचं? शेजारीण झालीफा सकाळी मीठ मागायला दारात आली, तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"अगं... ए..."

"ए काय? गुरं हाकतेस का?"

"थोडं मीठ दे गं."

"नाव घेऊन माग. पोतंभर देते."

झालीफा मीठ न घेताच परत गेली. दिवसभर तेच. खाजणावर, विहिरीवर, बाजारात बायका तिच्यापाशी येऊन अडखळायच्या, खोकायच्या, आणि शेवटी तिच्याशी बोलायचंच टाळायच्या. नवरा गेल्यावर, पोर गेल्यावर बाई कशीबशी उभी असते, तर हे लोक तिच्या पायाखालची जमीनही काढून घ्यायला निघाले होते. तिचं रक्त नुसतं उकळत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी तिला चिंचेकडून ठोकल्याचा आवाज आला. ती हातातला जवळा टाकून धावली. सुतकासाठी मुंडन केलेला बेसेली अनवाणी, उकिडवा बसला होता. हातात छिन्नी. दगडावर नावाच्या जागी पांढरा ओरखडा पडला होता.

"दादा, हात काढ."

"झालंच आता. शेवटचं अक्षर राहिलंय."

"अक्षर? माझ्या लेकराला खरवडतोयस तू!"

"मी नाही गं. रीत आहे."

"रीत छिन्नी धरत नाही, तू धरलीयेस. नाव ठेवताना कोण नाचत होतं? माझ्या पोराची शिडी केलीस, चढलास वर, आणि आता शिडी फोडतोस?"

"हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! आख्ख्या बेटाचं नाव कुणा गोऱ्यानं दुसऱ्याच गावाशी गल्लत करून ठेवलं, शाळेत शिकवलं होतं ना आपल्याला? ती चूक आपण छातीवर मिरवतो. आणि माझ्या पोराच्या नावाचा तेवढा विटाळ?"

बेसेलीनं घाम पुसला. "त्याला नवं नाव देऊ. रीतसर विधी करू. तुला पुन्हा वावीसुआ म्हणायला लागू. चांगलं नाव आहे."

"वावीसुआ बाळंतपणातच संपली. मी ताहिरीची आई आहे."

बेसेलीनं दोन्ही कानांवर हात दाबले. छिन्नी दगडावर आपटून खाली पडली.

"त्या म्हाताऱ्याची वाट हजारांनी बघायची," ती म्हणाली, "आणि माझ्या पोराची मी एकटी बघते, तर तेही खुपतं तुम्हाला."

त्या संध्याकाळी तिनं भाताचं काही म्हटलं नाही. नुसतं नाव घेतलं. पुन्हा पुन्हा, दुआनीपर्यंत ऐकू जाईल असं, शिवी घातल्यासारखं. गावातली दारं धडाधड लागली.

किनाऱ्यावरची कुत्री एरवी तिच्या हाकेवर भुंकायची. त्या दिवशी एकही भुंकलं नाही. सगळी खाली बसली, पुढचे पाय वाळूत पसरून, माना खाली घालून. राजा समोरून जाताना माणसं बसतात तशी. तिनं त्यांच्यावर एक शिंपला भिरकावला. कुत्री हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरात मधाचा वास यायला लागला. तिनं शिंकाळी पाहिली, मडकी पाहिली. घरात मध नव्हताच. दुआनीत राजांच्या अस्थींना मधानं न्हाऊ घालतात, हे तिला आठवलं आणि तिनं ते झटकून टाकलं. झाडावर पोळं असेल कुठेतरी.

तिसऱ्या संध्याकाळी ती हाक मारून परतली तेव्हा तिच्या आधी कुणीतरी घरी जाऊन पोचलं होतं. पाण्यापासून अंगणापर्यंत ओली पावलं. पूर्वेच्या दाराशी जाऊन थांबलेली. पूर्वेचं दार आम्ही वापरत नाही, ते थोरांसाठी असतं. तिचं तर कडी गंजून कायमचं लागलेलं. ते आता सताड उघडं होतं. परत जाणारी पावलं नव्हती.

झालीफा कुंपणापलीकडून बघत होती. तिच्या तोंडाला पदर होता.

"पावलं बघ, पावलं," ती पुटपुटली. "उजवा पाय आहे. डावा नाही. डाव्याची नुसती रेघ आहे गं!"

"होडी उलटली तेव्हा पायाला लागलं असेल त्याच्या."

"अगं पण..."

"पायाला लागलंय म्हणते ना मी!"

ती आत गेली. आत ओल होती, बाकी काही नव्हतं. ताहिरीची चटई भिंतीला गुंडाळून ठेवलेली असायची, ती जमिनीवर पसरलेली होती. तिनं भात वाढला, वर मासा ठेवला, प्यायला भाताच्या खरवडीचं उकळलेलं पाणी गाळून ठेवलं आणि मुकाट्यानं झोपली.

पुढच्या दिवशी ती परतली तेव्हा चटईवर तो बसला होता.

पाठमोरा. तोंड भिंतीकडे. उघड्या पाठीवरून पाणी ओघळत होतं, आणि उजव्या खांद्यावर दोरानं सोललेला जुना व्रण होता. त्या व्रणाला तिनं स्वतः हळद भरली होती. आंधळी असती तरी बोटांनी ओळखला असता.

"ताहिरी," ती म्हणाली.

त्याची मान किंचित हलली. ऐकल्यासारखी.

तिला भीती वाटली नाही. तिला राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा राग तोंडाशी आला. "कुठं होतास रे? घसा फाटला माझा! लोकांनी दगड खरवडला तुझा, माझं नाव टाकलं, आणि तू दर्यात बसलायस? बस आता. जेव." तिनं ताट त्याच्या पाठीशी सरकवलं. तो वळला नाही. पण तो होता. तेवढ्यावर ती रात्रभर रडली, फार दिवसांनी.

शुक्रवारी दुआनीत नुकताच गेलेला राजा पहिल्यांदा अंगात उतरायचा होता. त्याच्यासाठी निवडलेली म्हातारी पांढरं वस्त्र नेसून बसली. दुपारभर ढोल वाजले, धूप जळला, कोसाकोसावरून आलेली माणसं टाळ्या पिटून थकली. राजा आला नाही. शेवटी म्हातारीनं डोळे उघडले आणि आपल्याच साध्या आवाजात म्हणाली, "त्याला कुणीतरी घरी ठेवून घेतलंय."

ऊन उतरायच्या आत अख्खा जमाव ताहिरीच्या आईच्या अंगणाबाहेर होता. पुरुष अनवाणी, बायका केस सोडून. एकटा बेसेली पुढे आला, पश्चिमेच्या दारापर्यंत. ती दार अडवून उभी राहिली.

"आत काय आहे?" त्यानं विचारलं.

"बघ ना. भाचा आहे तुझा."

त्यानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पाहिलं आणि तो खाली बसला, हात पुढे पसरून, मान खाली घालून. कुत्री बसली होती अगदी तसा.

"हा तो नाही," तो जमिनीशी तोंड लावून म्हणाला.

"खांदा बघ."

"खांदा त्याचा आहे. पाय बघ."

तिनं पायाकडे पाहिलं नाही.

"धन्यांचं नवं नाव घे," बेसेली रडत होता. "एकदाच घे. धनी आपल्या जागी जातील, आणि लेकरूही सुटेल."

"सुटेल म्हणजे जाईल?"

"हो."

"मग नाही."

"अगं, दोघांना एकाच नावात डांबू नकोस!"

"मी डांबलं? नाव कुणी ठेवलं होतं, दादा?"

बेसेलीनं मागे वळून जमावाकडे पाहिलं.

"जा, सांग त्यांना," ती म्हणाली. "म्हणावं, बसा आता. हजारांनी वाट बघायची असते ना? बघा. मी बघितली तशी बघा." आणि तिनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

ते खरंच बसून राहिले. दिवस कलला की जमाव अंगणाबाहेर येऊन बसतो, अंधार पडला की उठून जातो. तिच्या दारात मासे येतात, तांदूळ येतो, कोवळे नारळ येतात. तिला काय म्हणायचं हा प्रश्नही सुटला. लोक तिला आईसाहेब म्हणतात. झालीफा तिच्या तोंडाकडे बघत नाही, मीठ मागत नाही. थोरला भाऊ बेसेली तिला 'अहो' म्हणतो, आणि बोलून झालं की पाठ न दाखवता, मागे मागे सरकत जातो. पहिल्या दिवशी ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला ओरडून सांगितलं, "दादा, मला शिवी दे एक." त्यानं दिली नाही.

घरात तो तसाच बसलेला असतो. मात्र तसाच नाही. दर संध्याकाळी, तिनं नाव घेतलं की, तो थोडा वळतो. इतका थोडा की आधी तिला कळलंही नव्हतं. आधी भिंत आणि पाठ. मग खांद्याची कड. मग कानाची पाळी.

काल दारातून आलेलं तिरपं ऊन त्याच्या मानेवर पडलं, आणि तिला कानामागचे केस दिसले.

पांढरे होते.

मधाचा वास घशाशी बसला होता.

"दर्याचं मीठ बसलंय," ती म्हणाली.

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि ते केस पुसायला घेतले. हळूहळू, मग जोरात, मग दात आवळून, छिन्नी चालवावी तसं. पांढरं निघेना.

"उद्या गोड्या पाण्यानं धुते," ती म्हणाली. मग तिनं ताट पुढे सरकवलं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली नाही.